‘ट्रेनिंग वॉज टू डिटेल्ड’: व्हेरी, टू, सो, क्वाइट यांची पुन्हा पुन्हा होणारी गल्लत कशी काढायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. ईमेलचं व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, कॉम्प्युटरने कुठे लाल रेघ ओढलेली नाही, आणि तरी समोरच्याने भलताच अर्थ घेतला. मराठी माध्यमातून आलेल्यांचे इंग्रजी ईमेल, रिपोर्ट, अर्ज तपासणं हे माझं रोजचं काम. काळ चुकतात, आर्टिकलं गळतात, पण ते एकदा दाखवलं की माणूस सावध होतो. ‘व्हेरी’, ‘टू’, ‘सो’, ‘क्वाइट’, ‘रादर’ या जोर देणाऱ्या शब्दांचा बिघाड मात्र आज दुरुस्त केला की पुढच्या आठवड्यात परत हजर.

एक नमुना पाहा. परदेशी कंपनीच्या प्रशिक्षकाला पाठवलेला अभिप्राय: ‘द ट्रेनिंग वॉज टू डिटेल्ड अँड द ट्रेनर वॉज टू फास्ट इन क्लिअरिंग अवर डाउट्स.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की किती बारकाईने शिकवलं आणि शंका किती झटपट सोडवल्या. वाचणाऱ्याने वाचलं की नको इतका तपशील होता आणि शंकांची उत्तरं घाईघाईत उरकली. त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि पुढचं ट्रेनिंग छोटं केलं! (‘डाउट्स’ हे आणखी एक प्रकरण आहे, ते आज राहू दे.)

या वाक्यात कॉम्प्युटरला खटकण्यासारखं काही नाही. ‘टू डिटेल्ड’ हे शुद्ध इंग्रजी आहे. फक्त लिहिणाऱ्याच्या मनातलं नाही. म्हणून कुणी टोकत नाही, आणि कुणी टोकत नाही म्हणून चूक वर्षानुवर्षं तशीच चालू राहते.

मूळ कुठे आहे

शाळेत आपल्याला परिमाणवाचक क्रियाविशेषण ओळखायची खूण शिकवतात: ‘किती?’ असा प्रश्न विचारा. आंबा किती गोड? फार गोड. मराठीला ही खूण पुरते. फार, खूप, अतिशय, अत्यंत, लई, जाम यांत फरक आहे तो बोलणारा कुठला, बोलतोय की लिहितोय, घरात आहे की व्यासपीठावर, याचा. काम सगळ्यांचं जवळपास एकच.

इंग्रजीत ‘किती?’ विचारून भागत नाही. ‘कशाच्या मानाने?’ हे विचारावं लागतं. ‘व्हेरी’ कशाशीच ताडून पाहत नाही, नुसता जोर देतो. ‘टू’ एका मर्यादेच्या मानाने बोलतो आणि ती मर्यादा ओलांडली असं सांगतो. ‘सो’ला पुढे येणारा परिणाम तरी लागतो किंवा समोर दिसणारी गोष्ट तरी. ‘इनफ’ गरजेच्या मानाने, ‘रादर’ बोलणाऱ्याच्या अपेक्षेच्या मानाने. हे शब्द एका शिडीच्या पायऱ्या नाहीत. क्लासच्या नोट्समध्ये मात्र ते तसेच मांडलेले असतात: फेअरली, मग क्वाइट, मग व्हेरी, सगळ्यात वर टू. ती शिडी पाठ केलेल्या माणसाला जास्त कौतुक करायचं असलं की तो साहजिकच सगळ्यात वरची पायरी गाठतो, आणि तिथे तक्रार बसलेली असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीला सुरू व्हायचं. माझ्याकडे दोन्ही पिढ्यांचे कागद येतात. बाकी बरंच सुधारलेलं दिसतं, ही एक चूक तंतोतंत तीच आहे. म्हणजे दोष वर्षांचा नाही, आपल्या ‘फार’चा आहे.

‘चहा फार गोड आहे’ हे वाक्य घ्या. मधुमेह असलेल्या काकांनी म्हटलं तर कप परत जातो. आलेल्या पाहुण्याने हसत म्हटलं तर ती दाद असते. आपण सुरावरून, चेहऱ्यावरून ओळखतो. क्रियापदही मदत करतं: ‘फार गोड झालाय’ म्हटलं की ती तक्रारच. इंग्रजीत हा निवाडा सूर किंवा क्रियापद करत नाही, तो त्या एका शब्दातच होऊन जातो. ‘व्हेरी स्वीट’ म्हणजे गोड आहे, आवडो न आवडो. ‘टू स्वीट’ म्हणजे झेपत नाही.

टू: दहावीचा प्रश्नच कामाला लावा

इथे ‘टू’ म्हणजे डबल ओवाला टू. त्याच्यासाठी नवीन काही शिकायची गरज नाही, कारण औषध तुमच्या जुन्या वहीत आहे. आठवतंय का, ‘रिमूव्ह टू’? ‘ही इज टू वीक टू वॉक’ याचं ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ करायचं. बोर्डाच्या पेपरसाठी हे घोकलेलं आपल्यातल्या बहुतेकांना झोपेतही येतं. पण ते फक्त मार्कांसाठी आहे असं समजून आपण ते दहावीबरोबर सोडून दिलं. वास्तविक ‘टू’च्या आत एक ‘नाही’ लपलेलं असतं, हे त्या एका प्रश्नात पूर्णपणे शिकवलं होतं.

तर स्वतःच्या वाक्यावर तोच प्रयोग करा. ‘द बॅग वॉज टू हेवी’: बॅग इतकी जड होती की उचलता आली नाही. वाक्य पूर्ण झालं, ‘टू’ बरोबर आहे, ठेवा. ‘द फूड वॉज टू गुड’: जेवण इतकं चांगलं होतं की... काय करता आलं नाही? खाता आलं नाही? ‘नाही’ला जागाच मिळत नाही. मग ‘टू’ काढा आणि ‘व्हेरी’ किंवा ‘रियली’ घाला. ‘युअर रेट्स आर टू रीझनेबल’ हेही असंच अडतं. ट्रेनिंगच्या त्या वाक्यात तर धोका दुहेरी होता, कारण तिथे ‘नाही’ बसत होतं: इतकं तपशीलवार की लक्षात राहिलं नाही. वाचणाऱ्याने ते बसवूनच वाचलं. म्हणून प्रयोग करताना नुसतं वाक्य पुरं होतं का एवढं पाहू नका. पुरं झालेलं वाक्य तुम्हाला म्हणायचंय का, तेही पाहा.

यावर हमखास येणारा आक्षेप: पण सगळे ‘टू गुड’ म्हणतात! म्हणतात, आणि म्हणू द्या. भारतात आपापसांत ‘काल मॅच बघितलीस? टू गुड!’ यात कुणाचा गैरसमज होत नाही. ते आपलं इंग्रजी आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रश्न फक्त ईमेल भारताबाहेर जातो तेव्हाचा, किंवा परीक्षेचा.

खुद्द इंग्रजांच्या तोंडी काही ठिकाणी ‘टू’ गोड अर्थाने येतो. ‘यू आर टू काइंड’, ‘आय अ‍ॅम ओन्ली टू हॅपी टू हेल्प’. हे ठरलेले वाक्प्रयोग आहेत, जसेच्या तसे उचला, त्यावरून नवे बनवू नका. नकारात तर ‘टू’चा सगळा जोर उतरतो. ‘हाऊ आर यू?’ला ‘नॉट टू बॅड’ म्हणजे बरं चाललंय. ‘आय अ‍ॅम नॉट टू शुअर’ म्हणजे फारशी खात्री नाही. आपला ‘फारसा’ इथे चपखल बसतो. तोही नकाराशिवाय येत नाही; ‘तो फारसा हुशार आहे’ असं कुणी म्हणत नाही.

‘टू’चे अजून दोन छोटे बिघाड. एक, ‘टू मच हॉट’. ‘खूप जास्त गरम’ डोक्यात असलं की हे लिहिलं जातं. ‘टू मच’ला पुढे नाम लागतं: ‘टू मच शुगर’, आणि मोजता येणारं असेल तर ‘टू मेनी पीपल’. विशेषण असेल तर क्रम उलटतो: ‘मच टू हॉट’ किंवा ‘फार टू हॉट’ (हा ‘फार’ इंग्रजीतला). दुसरा, ‘सुद्धा’ या अर्थाचा टू. दुसरं सत्रही चांगलं झालं असं सांगायला ‘द सेकंड सेशन वॉज टू गुड’ लिहिलं की पुन्हा तोच घोळ. तो ‘टू’ शेवटी ढकला: ‘वॉज गुड टू’.

सो आणि सच

यात समजुतीचा भाग कमी, जागेचा जास्त. पुढे नुसतं विशेषण असेल तर ‘सो’, विशेषणानंतर नाम असेल तर ‘सच’. ‘द हाऊस इज सो बिग’, पण ‘सच अ बिग हाऊस’. आपल्याला ‘इतकं मोठं’ आणि ‘इतकं मोठं घर’ दोन्हीकडे ‘इतकं’च लागतं, म्हणून ‘सो बिग हाऊस’ लिहिलं जातं. आणि ‘सच’ लक्षात राहिला तरी त्याच्या मागचा ‘अ’ गळतो. घर एक असेल तर ‘अ’ हवाच. घरं अनेक असतील किंवा हवामानासारखं न मोजता येणारं काही असेल तर नको: ‘सच बिग हाउसेस’, ‘सच नाइस वेदर’. ‘सो मेनी’, ‘सो मच’, ‘सो फ्यू’, ‘सो लिटल’ यांच्यापुढे मात्र नाम आलं तरी ‘सो’च राहतो.

अर्थाचा एकच मुद्दा आहे, पण कामाच्या लिखाणात तो वारंवार आडवा येतो. रिपोर्टमध्ये वाक्य येतं, ‘द सेल्स इन धिस क्वार्टर आर सो लो.’ आणि पूर्णविराम. मराठीत करून पाहा: ‘या तिमाहीत विक्री इतकी कमी आहे.’ ऐकणारा लगेच विचारेल, इतकी म्हणजे? की काय झालं? इंग्रजी वाचकही तसाच ‘दॅट’ची वाट बघत थांबतो. एकतर परिणाम सांगा (‘सो लो दॅट वी मे क्लोज टू आउटलेट्स’, इथला टू म्हणजे दोन) नाहीतर ‘व्हेरी लो’ म्हणून मोकळे व्हा. बोलताना, फोटोखाली, बाळाकडे बघून ‘सो क्यूट’ ठीक आहे, कारण दाखवायची गोष्ट समोरच असते. ‘थँक यू सो मच’लाही कुणी ‘दॅट’ मागत नाही.

व्हेरी कुठे बसत नाही

आपला ‘खूप’ कुठेही बसतो. खूप सुंदर, खूप आवडतं, खूप बरं वाटतंय, खूप कमी, खूप लोक. ‘व्हेरी’ यातल्या पहिल्याच ठिकाणी सरळ बसतो. बाकीच्या ठिकाणी तो बसवायला गेलं की वाक्य तुटतं.

क्रियापदाला ‘व्हेरी’ एकटा चालत नाही. ‘आय व्हेरी लाइक इट’ नाही, ‘आय लाइक इट व्हेरी मच’, आणि तो ‘व्हेरी मच’ शेवटी. ‘आय लाइक व्हेरी मच मिसळ’ असं मध्ये घुसवू नका. तुलनेच्या रूपालाही तो चालत नाही: ‘व्हेरी बेटर’ हे माझ्याकडच्या कागदांत सर्रास दिसतं, हवं ‘मच बेटर’, ‘फार बेटर’ किंवा बोलताना ‘अ लॉट बेटर’. गंमत म्हणजे यातला ‘फार’ आपल्या ‘फार’सारखाच ऐकू येतो, पण त्याचा अर्थ ‘दूर’; तो तुलनेच्या रूपापुढे आणि ‘टू’पुढे चालतो, साध्या ‘गुड’पुढे नाही.

आणि ‘व्हेरी लेस’. खूप कमी लोक आले, म्हणून ‘व्हेरी लेस पीपल केम’. ‘लेस’ हे आधीच तुलनेचं रूप आहे, म्हणजे ‘व्हेरी बेटर’चीच ही बहीण. लोक, खुर्च्या, अर्ज अशा मोजायच्या गोष्टींना ‘व्हेरी फ्यू’; वेळ, पाणी, पैसा यांना ‘व्हेरी लिटल’. किंमत, पगार, तापमान, गुण यांना ‘व्हेरी लो’. एवढी तीन रूपं हाताशी असली की ‘व्हेरी लेस’ची गरज उरत नाही.

शेवटी ‘ईडी’ ही अक्षरं येणाऱ्या रूपांत थोडं तारतम्य लागतं. ‘व्हेरी टायर्ड’, ‘व्हेरी इंटरेस्टेड’ बरोबर, कारण ती मनाची किंवा शरीराची अवस्था झाली. ‘व्हेरी इम्प्रूव्ह्ड’, ‘व्हेरी अ‍ॅप्रिशिएटेड’ खटकतं, कारण तिथे अजून क्रिया शिल्लक आहे. ‘मच इम्प्रूव्ह्ड’, ‘ग्रेटली अ‍ॅप्रिशिएटेड’ म्हणा.

खरी मजा पुढच्या बिघाडात आहे. ‘व्हेरी फ्रीझिंग’, ‘व्हेरी एनॉर्मस’, ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ का नको, हे समजवायला व्याकरणाची पुस्तकं श्रेणीयोग्य विशेषणं वगैरे काढतात. मी मराठीच काढतो. ‘खूप काळाकुट्ट’ असं म्हणाल का? ‘फार लालभडक’? नाही म्हणणार, कारण ‘कुट्ट’ आणि ‘भडक’ने जोर देऊन झालाय. पिवळाधमक, आंबटढाण, कडूजार, गोडमिट्ट, हिरवागार: यांच्यामागे आणखी ‘खूप’ लावला तर कान लगेच सांगतो की काहीतरी जास्त झालं. इंग्रजीतली ‘फ्रीझिंग’, ‘एनॉर्मस’, ‘फ्युरिअस’, ‘एक्झॉस्टेड’ ही विशेषणं अशीच टोकाला पोचलेली आहेत. फरक एवढाच की त्यांच्या अंगावर ‘कुट्ट’सारखी शेपटी दिसत नाही, ती ओळखावी लागतात. ओळखायचं कसं? त्याच अर्थाचं साधं विशेषण आहे का बघा. ‘कोल्ड’चं टोक ‘फ्रीझिंग’, ‘बिग’चं ‘एनॉर्मस’, ‘अँग्री’चं ‘फ्युरिअस’, ‘टायर्ड’चं ‘एक्झॉस्टेड’. साध्याला ‘व्हेरी’, टोकाच्याला द्यायचाच असेल जोर तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’. ‘व्हेरी डिलिशस’ इतक्या लोकांच्या तोंडी आहे की त्यावरून मी कुणाला अडवत नाही. ‘व्हेरी युनिक’ मात्र लेखी कामात टाळा. त्यावरून भांडणारे लोक नेमके अर्ज वाचायला बसलेले असतात.

इंग्रजीतही शेपटीवाली, खरं म्हणजे मुंडकंवाली, जोडरूपं आहेत, आणि ती आपल्याकडच्यांशी इतकी जुळतात की पाठ करावी लागत नाहीत. ओलाचिंब म्हणजे ‘सोकिंग वेट’. कोरडाठाक म्हणजे ‘बोन ड्राय’, हाडासारखा कोरडा. नवाकोरा म्हणजे ‘ब्रँड न्यू’. गाढ झोपलेला ‘फास्ट अस्लीप’, टक्क जागा ‘वाइड अवेक’, ठार बहिरा ‘स्टोन डेफ’, काळामिट्ट अंधार ‘पिच डार्क’. यांच्यातही ‘व्हेरी’ घुसवू नका: ‘व्हेरी फास्ट अस्लीप’ म्हणजे फार भरभर झोपला असं काहीतरी वाटतं. आणि जोडी बदलू नका. ठार बहिरा असतो, पण ठार ओला नसतो. तसंच ‘सोकिंग ड्राय’ नसतं.

च आणि ओन्ली

हा बिघाड शेजारचा आहे, पण त्याच कागदांवर सापडतो म्हणून घेतो. ‘त्यानेच सांगितलं’ यातला ‘च’ जोर देतो, त्याच्या जागी आपण ‘ओन्ली’ ठेवतो: ‘ही ओन्ली टोल्ड मी.’ बाहेरचा माणूस वाचतो, त्याने मला नुसतं सांगितलं, बाकी काही केलं नाही. ‘आय विल सेंड इट टुडे ओन्ली’मधून त्याला कळतं की उद्या मागितलं तर मिळणार नाही. ‘आजच पाठवतो’ला ‘आय विल सेंड इट टुडे’ पुरतं. ‘त्यानेच’ला ‘ही हिमसेल्फ’ किंवा ‘इट वॉज ही हू टोल्ड मी’. आणि ‘त्याच दिवशी’, ‘याच घरात’ अशा ठिकाणी इंग्रजीचा अस्सल ‘च’ कोण आहे माहितीये? ‘व्हेरी’च! ‘दॅट व्हेरी डे’, ‘इन धिस व्हेरी हाऊस’. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. ‘खरं तेच घर’ हा जुना अर्थ अशा प्रयोगांत टिकून राहिलाय. ‘टेरिबली नाइस’मधली भीतीही अशीच झिजली, आपल्या ‘भयंकर सुंदर’मधली झिजली तशी.

क्वाइट: इथे जपून

बाकीच्या शब्दांत चूक झाली तर वाक्य विचित्र दिसतं. ‘क्वाइट’मध्ये काहीच विचित्र दिसत नाही आणि नुकसान होऊन जातं. ब्रिटनमधल्या विद्यापीठासाठी शिक्षक शिफारसपत्र देतात: ‘शी इज क्वाइट इंटेलिजंट अँड क्वाइट हार्डवर्किंग.’ शिक्षकांच्या मनात ‘चांगलीच हुशार’. ब्रिटिश वाचकाच्या कानात ‘तशी बरी आहे हुशार, अभ्यासही करते म्हणायचा’. शिफारसपत्रात ‘तशी बरी’ म्हणजे जवळजवळ नकारच. हेच पत्र अमेरिकेत गेलं असतं तर एवढा घात झाला नसता, कारण तिकडे ‘क्वाइट’ बहुधा ‘व्हेरी’च्या जवळचा अर्थ घेऊन येतो.

त्यातही ब्रिटिश बोलताना सुराने फरक करतात. ‘क्वाइट’वर जोर दिला तर कौतुक खाली येतं, पुढच्या ‘गुड’वर दिला तर वर जातं. कागदावर सूर नसतो. म्हणून शिफारसपत्र, अप्रेझल, अभिप्राय, जिथे कुणाचं तरी भलं-बुरं ठरणार आहे तिथे विशेषणाआधी ‘क्वाइट’ नकोच, असा माझा सरळ सल्ला आहे. ‘व्हेरी’ लिहा, किंवा त्याहून उत्तम, काय केलं ते लिहा.

टोकाच्या विशेषणांबरोबर मात्र दोन्हीकडे एकमत आहे. ‘क्वाइट इम्पॉसिबल’, ‘क्वाइट राइट’, ‘क्वाइट डिफरंट’ म्हणजे अगदी अशक्य, अगदी बरोबर, अगदी वेगळं. मराठीत हे दोन शब्दांत वाटलेलं आहे, ‘बऱ्यापैकी’ आणि ‘अगदी’. इंग्रजीत एकाच शब्दात, आणि निर्णय पुढच्या विशेषणाच्या हाती. ‘नॉट क्वाइट रेडी’ म्हणजे अगदी तयार नाही, होत आलंय. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हे, बरेच. हा फसवा आहे, लक्षात ठेवा. आणि शांत या अर्थाचा ‘क्वायट’ लिहिताना शेवटच्या ई आणि टीची अदलाबदल झाली तर कॉम्प्युटर बहुतेक वेळा गप्प बसतो, दोन्ही खरे शब्द असल्यामुळे.

रादर, फेअरली, प्रिटी

खोली बघून आलात. ‘द रूम इज फेअरली वॉर्म’ म्हणजे थंडीत बरी उबदार, घ्यायला हरकत नाही. ‘द रूम इज रादर वॉर्म’ म्हणजे जरा गरमच आहे. तापमान तेच, बोलणाऱ्याचा कल वेगळा. ‘रादर’मध्ये आपल्या ‘जरा...च’ची छटा आहे: जरा महागच, जरा लांबच. चांगल्या विशेषणाआधी आला तर आश्चर्य दाखवतो, ‘इट वॉज रादर गुड’, म्हणजे वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. यजमानीण बाईंच्या स्वयंपाकाला हे म्हणू नका. ‘रादर’ तुलनेच्या रूपाआधी आणि ‘टू’आधी चालतो (‘रादर बेटर’, ‘रादर टू लाँग’), ‘फेअरली’ चालत नाही. अमेरिकेत या अर्थाचा ‘रादर’ तसाही कमी. ‘प्रिटी गुड’ बोलायला छान, अर्जात नको.

‘इनफ’बद्दल एवढंच: विशेषणानंतर, नामाआधी. ‘बिग इनफ’, ‘इनफ मनी’. ‘पुरेसा मोठा’वरून ‘इनफ बिग’ होतं, ते उलटवा.

हायली, डीपली आणि मंडळी

इथे नियम शोधत बसू नका, जोड्या उचला. ‘हायली रेकमेंडेड’, ‘हायली अनलाइकली’, पण ‘डीपली सॉरी’, ‘स्ट्राँगली ऑपोज’, ‘सिरिअसली इल’, ‘फुली अवेअर’, ‘बिटरली डिसअपॉइंटेड’. ‘अटरली’ वाईटाच्या बाजूला जातो, ‘अटरली युसलेस’. ‘परफेक्टली’ बहुधा चांगल्याच्या, ‘परफेक्टली क्लिअर’. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. तिथल्या लेखनाच्या चार समान निकषांपैकी एक शब्दसंपत्तीचा आहे, म्हणजे २५ टक्के, आणि अवघड शब्द पेरण्यापेक्षा कोणता शब्द कोणाशेजारी बसवला हे त्यात दिसून येतं.

स्वतःची तपासणी

सगळे शब्द एकदम सुधारायला जाऊ नका, कोणतंच सुधारणार नाही. ईमेलच्या सेंट फोल्डरमध्ये जा आणि आधी नुसता डबल ओवाला ‘टू’ शोधा. प्रत्येक ठिकाणी ‘रिमूव्ह टू’ करून बघा. मग ‘क्वाइट’ शोधा आणि तो कुणाबद्दल, कुठल्या देशात पाठवला होता ते बघा. मग ‘व्हेरी’, आणि त्याच्या लगेच पुढचा शब्द: तुलनेचं रूप आहे, टोकाचं विशेषण आहे, की ‘लेस’? बहुतेकांच्या बाबतीत दोनच शब्द वारंवार अडकलेले सापडतात, आणि ते दोन कोणते हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

शोधताना आणखी एक दिसेल: अर्ध्या ठिकाणी तो शब्द काढून टाकला तरी वाक्याचं काहीच बिघडत नाही. ‘वी आर व्हेरी इंटरेस्टेड’ आणि ‘वी आर इंटरेस्टेड’ यात क्लायंटला काडीचाही फरक पडत नाही. तिथे योग्य शब्द कोणता यावर डोकं खपवू नका, खोडा. उरलेल्या अर्ध्यांत जिथे अडेल तिथे ‘कशाच्या मानाने?’ विचारा, आणि तरी उत्तर मिळालं नाही तर ते वाक्य आधी मराठीत, ‘फार’ आणि ‘खूप’ न वापरता, मोठ्याने म्हणून बघा. ‘नको इतकं’, ‘इतकं की’, ‘जरा...च’, ‘बऱ्यापैकी’, ‘पुरेसं’ यातलं जे तोंडात येईल, त्याचा इंग्रजी शब्द वर दिलाच आहे.